गुढीचोर

माझी गुढी दर पाडव्याला चोरीला जायची. चोर ठरलेला, आणि चोरी झाल्यावर चोराला काय खाऊ घालायचं तेही ठरलेलं. परवा हे मी नातीला सांगितलं, तर फोनमधून डोकं वर न काढता ईरा म्हणाली, "आजी, डिड यू कॉल द पोलीस?"

"करणार होते. तुझ्या आजोबांनी रिसीव्हर हातातून काढून घेतला."

"देन?"

"मग चोराला श्रीखंड वाढलं."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, "यू आर सो वियर्ड" म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. नातवंडांना ऐकायला वेळ नसतो म्हणून आज्या लिहायला बसतात. तर बसले आहे.

चोराचं नाव यार्दा. खरं नाव याहून बरंच लांब होतं, पण ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला पेललं नाही. माणूस चेक. नव्वदच्या सुमाराला त्यांच्याकडचं जुनं सरकार पडलं, लोकांना बाहेर पडायची मोकळीक मिळाली आणि हा इथे दुबईत, अल कुसैसमध्ये, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये येऊन उतरला. त्याच्या आणि आमच्या बाल्कनीमध्ये कमरेएवढी भिंत. काम झुंबरं टांगायचं. इथल्या मोठ्या हॉटेलांत, मशिदींत, शेखलोकांच्या दिवाणखान्यांत जी काचेची झुंबरं लखलखतात, ती त्याच्या देशातून पेट्यांमध्ये सुटी होऊन यायची आणि हा शिडीवर चढून एकेक लोलक अडकवत बसायचा. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा. पण जो आपली गुढी चोरतो त्याच्याबद्दल लिहिताना कोण अहो-जाहो करतं?

घरात शिरला की तो आधी माणसांकडे बघायचा नाही, छताकडे बघायचा. मग नजर हळूहळू उतरत यजमानापर्यंत यायची. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा आमच्या ट्यूबलाइटकडे त्याने असं पाहिलं, की मला वाटलं घरात कुणीतरी आजारी आहे. दुसरी खोड टिचकी मारायची. लोलकाला तडा गेलाय की नाही हे तो नखाने टिचकी मारून कानाने ओळखायचा, आणि ती टिचकी त्याला कुठेच आवरायची नाही. माझे पेले, कुकरचं झाकण, बाजारातला नारळ, एकदा तर आमच्या ह्यांचं टक्कल. टिचकी मारायची, कान तिरका करायचा आणि निकाल द्यायचा, "साबूत है." नाहीतर, "ये गया, भाभी." सासरहून आलेला माझा काचेचा जग त्याने असाच 'गया' म्हणून सांगितला. मी तोंड वाकडं केलं. आठवड्याभरात जगाने पन्ह्यासकट टेबलावर प्राण सोडला.

हिंदी तो साइटवरच्या मजुरांकडून शिकला होता. राजस्थानी, बिहारी आणि मल्याळी अशा तीन चुलींवर शिजलेली हिंदी, वरून अरबी 'यल्ला' आणि 'खलास'ची फोडणी. त्यात चूक काढायची सोय नव्हती, कारण माझी हिंदी त्याहून वाईट होती.

आता तेव्हाच्या माझ्याबद्दल. मी इथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. तिशी गाठायची होती, साडी कडक इस्त्रीची, आणि जगात संस्कृती फक्त आपल्याकडे आहे, बाकीचे लोक नुसते राहतात, अशी पक्की समजूत. भाषणाची तर एवढी हौस, की कुणी नुसता माइक चाचपून पाहिला तरी मी उठून उभी राहायची. माझं बोलणं सुरू झालं की पहिली रांग डुलायला लागे. दुसरी रांग पहिलीच्या खांद्यावर. एकटा यार्दा ताठ. मराठीचं अक्षर कळत नसताना डोळे टक्क उघडे ठेवून शेवटपर्यंत बसलेला.

"बघा," मी घरी येऊन ह्यांना म्हणे, "परक्या माणसालासुद्धा कळतं वक्तृत्व कशाला म्हणतात."

"त्याला काही कळत नाही म्हणून तो जागा राहतो," हे म्हणायचे.

खरं कारण तिसरंच होतं. ते गुढीच्या चोरीनंतर कळलं.

त्या वर्षी पाडवा शुक्रवारी आला, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी. मंडळाच्या अध्यक्षांच्या सौ., वसुधाताई, आणि चार बायका जेवायला येणार होत्या. त्यांना 'परदेशातही परंपरा कशी जपावी' हे दाखवायचा माझा बेत. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून साखरेची गाठी आणली होती, कडुनिंब तर इथे रस्त्यारस्त्याला. वेळूची काठी तेवढी मिळेना. मग मी बेडरूमच्या पडद्याचा दांडा काढला, त्याला माझा हिरवा, लाल काठांचा खण बांधला, वर तांब्या पालथा घातला आणि दांडा बाल्कनीच्या कठड्याला बांधून टाकला. तांब्या घासायला वेळ झाला नव्हता. एवढ्या उंचावर कोण बघतंय!

पुऱ्या तळून बाहेर आले तर कठडा मोकळा. दोरीसुद्धा नाही.

"वाऱ्याने पडली असेल," हे म्हणाले.

खाली वाकून पाहिलं. खाली नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, गाड्या पुसत होता. त्याच्या डोक्यावर तांब्या पडलेला नव्हता.

तेवढ्यात बायका आल्या. वसुधाताईंनी मोकळ्या कठड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या पट्टीत म्हणाल्या, "वर्षाच्या पहिल्याच दिवशी? बाई, बाई!"

झालं. माझ्यातली सांस्कृतिक सचिव जागी झाली. हा गुढीवरचा हल्ला नसून आपल्या अस्मितेवरचा आहे, असं मी हातात झारा घेऊन जाहीर केलं. नातूरला वर बोलावून उभा-आडवा झापला. पोलिसांचा नंबर फिरवायला घेतला, तेव्हा ह्यांनी रिसीव्हर काढून घेतला. "काय सांगणार आहेस? पडद्याचा दांडा चोरीला गेला म्हणून?"

आणि बेल वाजली.

दारात यार्दा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले, हॅट छातीशी धरलेली. आधी नेहमीप्रमाणे छताकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. अगदी लग्नाची बोलणी करायला आल्यासारखा गंभीर.

"भाभी, तुम्हारा खांबा मेरे पास है. छुडाना पडेगा."

मी झारा उगारला.

"पहारे पर कौन था?" त्याने विचारलं.

"पहारा? गुढीला पहारा कशाला लागतो?"

आता त्याचा चेहरा खरोखर पडला. "कोई नहीं था? ऐसा खांबा, फूल, कपडा, सब, और अकेला छोड दिया?" मग तो ह्यांच्याकडे वळला, पुरुषाला तरी कळेल अशा आशेने. त्याच्या गावात एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी असाच खांब उभा करतात. उंच झाडाचा सोट, साल तासलेली, वर पानांचा गोल हार आणि रंगीत फिती. गावातल्या पोरांनी त्याला रात्रभर राखायचं आणि शेजारच्या गावातल्या पोरांनी तो चोरायचा. चोरीला गेला तर दुसऱ्या दिवशी बियरचं पिंप घेऊन, मान खाली घालून सोडवायला जायचं. आणि राखायला कुणी नसताना शेजाऱ्याने खांब चोरला नाही तर? तर तो शेजाऱ्याचा अपमान. म्हणजे तुम्ही चोरायच्यासुद्धा लायकीचे नाही.

"जिसका खांबा कोई नहीं चुराता," तो म्हणाला, "वो गाँव मर गया समझो."

म्हणजे हा गृहस्थ आमचा मान राखण्यासाठी भिंत ओलांडून आला होता.

ह्यांना हसू आवरेना. वसुधाताईसुद्धा पदर तोंडाशी धरून हलत होत्या. मी एकटी झारा धरून उभी. शेवटी ह्यांनीच सौदा केला. बियर या घरात मिळणार नाही, श्रीखंड चालेल का? यार्दाने वाटीला टिचकी मारली, एक चमचा चाखला, डोळे मिटले आणि गुढी परत आणली.

गुढी त्याने आपल्या दिवाणखान्यात उभी करून ठेवली होती. गाठीचा एक मणीसुद्धा हलला नव्हता. आणि तांब्या? झुंबराला लावायच्या कसल्याशा पावडरीने घासून त्याने तो असा लखलखीत केला होता, की त्यात मला माझं तोंड दिसलं. वसुधाताई म्हणाल्या, "तांब्या काय सुंदर घासलायस गं!" मी म्हटलं, "परंपरा जपायची म्हणजे कष्ट आलेच."

जेवणानंतर बायका गेल्या आणि यार्दाने आमच्या टेबलावर त्याचं गाव मांडलं. गावाचं नाव ल्होता. त्याच्या देशात ल्होता नावाची शेकडो गावं आहेत, तो म्हणाला, आमची त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची. श्रीखंडाची रिकामी वाटी मधे ठेवली, ते गावातलं तळं. वाटीपाशी मिठाची बाटली, ते देऊळ. कोथिंबिरीची जुडी म्हणजे मोठं लिंडनचं झाड. लाटणं म्हणजे रस्ता, दोन्ही कडेला आलुबुखारची झाडं, लागलेली फळं येणाऱ्या-जाणाऱ्याने खायची. लाटण्याच्या पलीकडच्या टोकाला त्याने प्रेशर कुकर नेऊन आदळला.

"और ये बडी ल्होता," तो म्हणाला. "सब चोर."

"आणि तुमची?"

"छोटी ल्होता."

मी एकदम पुढे सरकले. आमचं गाव चिपळूणकडे, खुर्द. नदीपलीकडे बुद्रुक. बुद्रुकचे लोक आमच्या वाटणीचे फणस उतरवून नेतात हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. "सगळे चोर!" मी म्हटलं, आणि त्या क्षणी आमची जी दोस्ती झाली ती शेवटपर्यंत टिकली. बुद्रुकांविरुद्ध खुर्दांची.

मग इतिहास. जंगल तोडून वस्ती करायला जी माणसं आली, त्यांना राजाने काही वर्षांची मुदत दिली. तेवढी वर्षं कर नाही, मग सुरू. ल्होता म्हणजे ती मुदत. "म्हणजे आपल्या दुबईसारखंच की!" हे म्हणाले. "टॅक्स नाही म्हणून आलो, दोन वर्षांची मुदत धरून." तिघेही हसलो. दोन वर्षं उलटून आम्हालाही बरीच झाली होती आणि दर वर्षी आम्ही म्हणत होतो, पुढच्या वर्षी नक्की परत. यार्दाचंही तेच.

पुढे स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं. (स्वीडनवाल्यांना तिथे काय काम होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.) पुन्हा बांधलं. वरच्या आळीत चेक बोलणारे, खालच्या आळीत जर्मन बोलणारे, तळं दोघांचं. लढाई आली तेव्हा देवळाची घंटा तोफांसाठी वितळवायला नेली. मग लिंडनच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगला, आणि पुढे यार्दाची आई दुपारी बारा वाजता तो हातोडीने वाजवायची. कान तिथे तयार झाला होता.

एवढं सांगून त्याने टेबलावरचे तीन-चार चमचे उचलले आणि खिशात घातले. मी म्हटलं, अहो, हे काय?

"लडाई खतम, तो नीचेवाली गली का लोग, सब बाहर. एक संदूक, और जाओ."

खालच्या आळीतल्या जर्मनांना हाकललं आणि मोकळी घरं बाहेरून आणलेल्या लोकांना दिली. त्याचे आईवडील तसे आलेले. घरात शिरले तेव्हा टेबलावर ताटं मांडलेली होती. आईने ती धुतली, पण आयुष्यभर त्यांत जेवली नाही. पुढे खूप वर्षांनी एक म्हातारी मोटारीतून आली, फाटकाशी उभी राहिली आणि विहिरीचं पाणी मागितलं. आईने पाणी दिलं, आलुबुखारची पिशवी दिली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं.

"माँ बोला, घर हमारा नहीं है," यार्दा म्हणाला. "हम पहारे पर हैं." आणि खिशातले चमचे काढून एकेक करून जागेवर ठेवले.

 

हाच माणूस एकदा पहाऱ्यावर झोपला होता. अठरा वर्षांचा असताना छोट्या ल्होतेचा खांब राखायचं काम त्याच्याकडे आलं. बाकीची पोरं नाचायला गेली. हा खांबाला पाठ टेकून बसला आणि उजाडता जागा झाला, तेव्हा टेकायला खांब नव्हता. बड्या ल्होतेचा वाशेक नावाचा मुलगा करवतीने कापून घेऊन गेला होता. वडिलांना पिंप वाहत सगळ्या गावासमोरून जावं लागलं. तेव्हापासून गावात याचं नाव 'झोपाळू'. त्याच्या बहिणीची नातवंडंही त्याला तेच म्हणतात.

त्या दिवसापासून चार माणसांत त्याने डुलकीसुद्धा घेतली नाही. ना विमानात, ना आजारपणात. माझ्या भाषणातही नाही. कळलं ना आता माझं वक्तृत्व?

चोरी पुढे रिवाजच झाला. दर पाडव्याला मी पहारा बसवायची आणि दर पाडव्याला तो भेदला जायचा. कधी नातूरला फितवून 'मॅडम, गाडी टो कर रहे हैं' म्हणून आम्हाला खाली पळवायचा. कधी माझ्या मुलालाच आत ओढायचा, तीस वर्षांपूर्वीच्या ईराच्या बापाला, एका चॉकलेटात. पुढेपुढे मीच पाठ करून पुऱ्या तळत बसायची आणि कान बाल्कनीकडे. भिंतीवर चप्पल घासल्याचा आवाज आला की जीव भांड्यात. तांब्या मी घासणं केव्हाच सोडलं होतं.

डोंगराची आठवण आली की तो आम्हाला गाडीत घालून खोर फक्कानला न्यायचा. समुद्राकडे पाठ करून डोंगरांकडे बघत उभा राहायचा. म्हणायचा, "हमारे जैसा है. खाली झाड किसी ने उतार लिया." ल्होतेच्या बातम्या तो अशा सांगायचा जशा आपण नातेवाइकाच्या तब्येतीच्या सांगतो. शाळा मिटली. दुकान मिटलं. पोरं शहरात गेली. निम्मी घरं प्रागच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतली, शुक्रवारी खिडक्या उघडतात, रविवारी बंद. खांब उभा करायला हातच नाहीत, म्हणून तो रिवाज थांबला. बड्या ल्होतेतही.

"तुम्ही परत कधी जाणार?" आम्ही विचारायचो.

"अगले साल, इन्शाल्ला."

मग परवा-परवाचा तो पाडवा. गुढी उभारली, ह्यांना पहाऱ्याला खुर्चीत बसवलं, पुऱ्या तळल्या. चप्पल घासली नाही. जेवणं झाली, ऊन कलायला लागलं, गुढी जागच्या जागी. मी सरळ जाऊन त्याची बेल वाजवली.

दार उघडलं तर आत पेट्या भरलेल्या. वय झालं, कंपनीने निरोप दिला होता, व्हिसाची मुदत संपत आली होती. आम्हाला सांगायचं त्याने टाळलं होतं. भाच्याने प्रागमध्ये एक खोली बघून ठेवली होती, लिफ्टवाली. आणि ल्होतेच्या घराला गिऱ्हाईक होतं, सुट्टीवालंच. संध्याकाळी फोन यायचा होता, आणि हा 'हो' म्हणणार होता.

"माझी गुढी का नाही चोरली?" मी विचारलं. बाकीचं मला सुचलंच नाही.

"भाभी, घुटना..."

"गुडघ्याचं मला सांगू नका. माझेही दोन्ही गेलेत. जिसका खांबा कोई नहीं चुराता, वो गाँव मर गया, हे कोण म्हणत होतं? मेले का मी?"

तो हसला नाही. छताकडे बघत म्हणाला, "वहाँ कौन है? खांबा खडा करने को एक आदमी नहीं. सिर्फ वो नाम है. झोपाळू."

हा शब्द मीच त्याला शिकवला होता. मला माझाच राग आला, आणि राग आला की मी भाषण करते. "एक माणूस नाही कसा? तुम्ही आहात ना? मी या देशात आले तेव्हा वेळू नव्हता, भटजी नव्हता. पडद्याचा दांडा होता! त्यावर गुढी उभारली मी, ती पण न घासलेल्या तांब्याची. आणि नुसती उभारली तर दहा मिनिटांत चोर आला. चोर आपोआप येतो हो यार्दाभाऊ, आधी काहीतरी उभं करावं लागतं! आणि घर विकणार? पहारेकरी विकतो का घर?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मी घाबरले. त्याच्या आईचं बोलणं मी त्याच्या अंगावर फेकलं होतं. तो पेटी बांधायला वाकला. मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "मी आज फार बोलले."

"आज?" हे म्हणाले.

सूर्य बुडायच्या आधी गुढी उतरवायची म्हणून बाल्कनीत गेले, तर कठडा मोकळा.

बेल वाजली. दारात यार्दा, पांढरा शर्ट, हॅट छातीशी. हातात काठी, गाठी, घासलेला तांब्या. सगळं होतं, खण नव्हता.

"कपडा नहीं मिलेगा," तो म्हणाला. "वो वहाँ लगेगा."

"फोन आला होता?"

"आया." मग छताकडे बघून, "बोला, घर पर आदमी है."

मी त्याला श्रीखंड वाढलं. त्याने टिचकी मारली नाही.

तो गेला आणि मे महिन्याच्या पहिल्या सकाळी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर यार्दाचं नाक आणि बाजूला ढग. तो ओरडत होता, "भाभी! चोरी हो गया! खांबा चोरी हो गया!"

एवढ्या वर्षांनी गेला बिचारा, आणि पुन्हा तेच! मी म्हटलं, "अरे देवा. झोपलात?"

"सो गया!" आणि मग मला दिसलं, की तो हसतोय. हसता हसता डोळे पुसतोय.

सुट्टीवाल्या प्रागच्या लोकांना त्याने दोर ओढायला लावले होते. खांब आमच्या पडद्याच्या दांड्याहून फार मोठा नव्हता, पण उभा राहिला, हिरव्या खणासकट. याने खाली खुर्ची टाकली, थर्मास घेतला आणि रस्त्याकडे बघत बसला. चोर येतील असं वाटत नव्हतं. मुळात यायला उरलंय कोण? पहाटे कधीतरी डोळा लागला. आणि वाशेक आला. तोच वाशेक. आता कंबर मोडलेला, काठी टेकत, पुतण्याचा ट्रॅक्टर घेऊन. त्यानेही कुठूनतरी ऐकलं होतं की छोट्या ल्होतेत काहीतरी उभं राहिलंय.

दुपारी पुन्हा फोन आला. बड्या ल्होतेत पिंप पोचलं होतं. बाकावर यार्दा, शेजारी एक बोळक्या तोंडाचा म्हातारा, आणि माझा हिरवा खण त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात! यार्दाने सांगितलं, वाशेक खण द्यायला तयार नाही, त्याला वेगळी खंडणी पाहिजे. "मैंने उसको श्रीखंड का बोला."

"बुद्रुकवाले," मी म्हटलं, "कुठले का असेनात, सारखेच." श्रीखंडाच्या वड्या पाठवल्या. खण अजून आलेला नाही.

यंदाच्या पाडव्याला मी नवा खण आणला. भिंतीपाशी मुद्दाम पाट ठेवला, चढणाऱ्याला सोयीचा. ह्यांना पहाऱ्याला बसवलं, ते पाच मिनिटांत घोरायला लागले, म्हणजे तशीही सोयच. यार्दाच्या फ्लॅटमध्ये आता केरळचं एक तरुण जोडपं आलंय, दोघंही आयटीमधली. मुलगी बाल्कनीत येऊन "सो प्रिटी, आंटी!" म्हणाली, गुढीचा फोटो काढला आणि आत गेली. ऊन उतरलं. गुढी माझी मलाच उतरवावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ल्होतेला फोन लावला. यार्दा लिंडनखाली बसला होता, हातात हातोडी. दुपारची घंटा हल्ली तोच वाजवतो.

"कुणी चोरली नाही," मी म्हटलं.

"तांब्या बजाओ."

मी फोनशी धरून टिचकी मारली. त्याने कान तिरका केला. "साबूत है. लेकिन गंदा है, भाभी." मग म्हणाला, "पडोसी नया है. मालूम नहीं उनको. तुम शुरू करो." आणि उठून रुळावर हातोडी हाणली. फोन फुटतो की काय असा आवाज आला, आणि पडद्यावर त्याची वर उचललेली मान तेवढी दिसत राहिली. वर छत नव्हतं, तरी सवय.

डिसेंबर लागला. परवा त्या केरळच्या जोडप्याने नाताळची कागदी चांदणी बाल्कनीत टांगली. लाल, मोठी, आत दिवा. आणि दोघंही ऑफिसला निघून गेली.

भिंत कमरेएवढीच आहे, पण कंबर तेव्हाची राहिलेली नाही. पाटावर स्टूल ठेवलं. हे म्हणत होते, "अगं पडशील. अगं, सीसीटीव्ही आहे. या वयात डिपोर्ट करतील." ईरा "ओ माय गॉड, आजी!" म्हणत स्टूल धरून उभी होती, आणि पहिल्यांदाच तिचा फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता.

चांदणी आता आमच्या दिवाणखान्यात आहे. धूळ पुसून लखलखीत केली. संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला, त्यांचं दार उघडलं, मग बाल्कनीचं, मग मुलगी काहीतरी मोठ्याने म्हणाली. मी इस्त्रीची साडी नेसले, केस पाण्याने चापून बसवले आणि त्यांची बेल वाजवली.

दार उघडलं. मी आधी छताकडे पाहिलं. मग त्या दोघांकडे.

"तुम्हारा चांदणी मेरे पास है," मी म्हटलं. "पहारे पर कौन था?"